सहा की आठ? रिव्हॉल्व्हर आणि त्याची काडतुसे : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात प्रॅक्टिकल शूटिंगची ओळख करून दिली होती. एकाच जागी उभे राहून एकाच वर्तुळावर नेम धरण्याऐवजी धावत, थांबत, आडोशाच्या कडेने किंवा खिडकीतून अनेक लक्ष्ये टिपायची आणि मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागून निकाल काढायचा, असा हा खेळ आहे. १९७६ साली अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या कोलंबिया येथे 'आयपीएससी' ही त्याची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि 'यूएसपीएसए' ही तिची अमेरिकेतील शाखा. त्या लेखानंतर आलेली बरीचशी पत्रे रिव्हॉल्व्हरविषयीच होती, याचा मला मनापासून आनंद वाटला, कारण मी स्वतः अनेक वर्षे या खेळाच्या रिव्हॉल्व्हर विभागात खेळतो.

प्रश्न : मी ग्रीन कार्डधारक असून वर्षभर यूएसपीएसएच्या स्थानिक सामन्यांत नऊ मिलिमीटरचे पिस्तूल वापरत आहे. आता रिव्हॉल्व्हर विभागात उतरावेसे वाटते. दुकानदार .४५ चे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर सुचवतात, तर क्लबमधील सहकारी आठ गोळ्यांचे .३५७ घ्या म्हणतात. कोणते घ्यावे, आणि त्यात काडतुसे कोणती वापरावीत? — एक वाचक, डॅलस

उत्तर : आपण सहकाऱ्यांचे ऐकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्यामागचे कारण कळल्याशिवाय काडतुसांची निवडही नीट होणार नाही, म्हणून ते जरा विस्ताराने सांगतो.

गोळीच्या जोराला या खेळात 'पॉवर फॅक्टर' नावाचे माप आहे. गोळीचे ग्रेन या बारीक एककातील वजन आणि तिचा सेकंदाला फुटांमधील वेग यांच्या गुणाकाराला १००० ने भागले की ते मिळते. यूएसपीएसएमध्ये 'मायनर' म्हणजे कमी जोराच्या गटासाठी किमान १२५ आणि 'मेजर' म्हणजे जास्त जोराच्या गटासाठी किमान १६५ लागतात; आयपीएससीच्या रिव्हॉल्व्हर विभागात मेजरची मर्यादा १७० आहे. लक्ष्याच्या मध्यावरच्या 'ए' भागाचे ५ गुण दोघांनाही सारखेच मिळतात. 'सी' भागाचे मात्र मेजरला ४ व मायनरला ३, आणि 'डी' भागाचे मेजरला २ व मायनरला १ गुण मिळतो. म्हणजे जोरदार काडतुसाचा लाभ होतो तो नेम थोडा ढळला तरच. यूएसपीएसएच्या रिव्हॉल्व्हर विभागात पूर्वी सहा गोळ्या झाडल्यावर पुन्हा भरणे सक्तीचे होते, त्यामुळे .४५ चे मेजर रिव्हॉल्व्हर घेणेच शहाणपणाचे ठरे. २०१४ मध्ये मायनर गुणांच्या अटीवर आठ गोळ्यांना परवानगी मिळाली आणि सगळे गणित पालटले.

यूएसपीएसएच्या नियमानुसार एका जागेवरून आठपेक्षा अधिक गोळ्या झाडाव्या लागतील, अशी स्टेज, म्हणजे सामन्यातील एक फेरी, मांडता येत नाही. आठवाला त्या आठ झाडतो आणि पुढच्या जागेकडे चालता चालता रिव्हॉल्व्हर भरून घेतो. सहावाल्याला सहा झाडून तिथेच उभ्याने भरावे लागते, उरलेल्या दोन झाडाव्या लागतात आणि मगच पाय उचलता येतो. समजा, दोन जागांवरून आठ-आठ अशी सोळा गोळ्यांची स्टेज आहे आणि दोघांच्याही बारा गोळ्या 'ए'मध्ये व चार 'सी'मध्ये लागल्या. मेजरवाल्याचे ७६ आणि मायनरवाल्याचे ७२ गुण होतील. मायनरवाल्याला १४ सेकंद लागले असतील, तर बरोबरी साधायला मेजरवाल्याने साधारण १४.८ सेकंदांत संपवले पाहिजे. चार गुणांची किंमत अशी पाऊण सेकंदाच्या आसपास भरते, आणि उभ्याने एकदा भरायला आपल्या-माझ्यासारख्याला तीन सेकंद सहज लागतात; या स्टेजमध्ये तर तसे दोनदा भरावे लागेल. अमेरिकी नेमबाज जेरी मिक्युलेक यांनी १९९९ साली .४५ च्या रिव्हॉल्व्हरने सहा गोळ्या झाडणे, पुन्हा भरणे आणि आणखी सहा झाडणे हे सारे २.९९ सेकंदांत केले होते. तो हात ज्याच्याकडे आहे, त्याने दुकानदाराचे जरूर ऐकावे.

आता काडतुसे. रिव्हॉल्व्हरची स्पर्धा झाडण्यापेक्षा भरण्यात अधिक जिंकली किंवा हरली जाते, हे एकदा मनात पक्के झाले की काडतुसाकडे बघण्याची नजरच बदलते. मी काडतूस पारखताना पहिल्यांदा ते दर वेळी खात्रीने उडते का हे पाहतो, मग ते सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसे धरणाऱ्या फिरत्या दंडगोलाच्या, खोबणीत आपसूक घरंगळते का आणि गोळी उडाल्यावर उरलेली रिकामी पुंगळी एका ठोक्यात बाहेर पडते का हे पाहतो, आणि जोराचा विचार सर्वांत शेवटी करतो; १२५ ची मर्यादा सुरक्षित अंतराने ओलांडली, एवढा जोर पुरे.

आपल्याला आठही काडतुसे एकत्र धरून ठेवणारी पोलादी चकती, म्हणजे 'मून क्लिप', लागेल. तिचा उगम मोठा रंजक आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी १९१७ च्या नमुन्याची रिव्हॉल्व्हरे पिस्तुलाच्या .४५ काडतुसासाठी बनवली गेली. त्या काडतुसाला बाहेर आलेली कड नसल्यामुळे रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलता येईनात, म्हणून तीन-तीन काडतुसे धरणाऱ्या अर्धचंद्राकृती पट्ट्या काढण्यात आल्या. आजची पूर्ण चकती हे त्यांचेच पुढचे रूप आहे. आपण घ्याल ते .३५७ मून क्लिपसाठी कापलेलेच असू द्या. तशा रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल हे काडतूसही चालते, पण अनुभवी स्पर्धकांचा ओढा जुन्या .३८ शॉर्ट कोल्टकडे असतो. .३५७ मॅग्नमची पुंगळी १.२९ इंच लांब असते, .३८ स्पेशलची १.१५५ इंच, आणि शॉर्ट कोल्टची पाऊण इंचाहून किंचित अधिक. आखूड पुंगळी आत लवकर जाते आणि रिकामी झाल्यावर बाहेर काढणारा दांडा तिला पूर्ण बाहेर ढकलतो. लांब पुंगळी दांड्याच्या टप्प्यापलीकडे अडकून राहू शकते. गोळी मात्र गोल नाकाचीच निवडावी. ती खोबणीच्या तोंडाशी जरा वाकडी आली तरी घसरून आत बसते.

आखूड पुंगळीचा एक तोटा आहे. खोबणीत तिच्या पुढे शिशाचा आणि जळक्या दारूचा कडा जमतो आणि मग लांब काडतुसे बसेनाशी होतात, म्हणून प्रत्येक सामन्यानंतर ब्रश फिरवायला विसरू नये. मून क्लिपही डोळे झाकून वापरू नयेत. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुंगळ्यांची खाच कमी-अधिक खोल असते, त्यामुळे एकाच कंपनीच्या पुंगळ्या आणि त्यांना जुळणाऱ्या चकत्या वापराव्यात. रेंजवर रिकामे शस्त्र हाताळण्यासाठी राखलेल्या सेफ्टी एरियामध्ये काडतूस हाताळणे निषिद्ध आहे, म्हणून भरलेली क्लिप बसवून सिलिंडर फिरतो का याची चाचणी सामन्याआधीच, गोळीबाराच्या जागी अधिकाऱ्याच्या परवानगीने करून घ्यावी. रिकाम्या चकतीचा वाक सपाट काचेवर ठेवून घरीही कळतो, आणि वाकलेली चकती सरळ करत बसण्यापेक्षा फेकून द्यावी.

प्रश्न : .३८ स्पेशलच्या खोक्यावर १५८ ग्रेन आणि ८०० फूट असे छापले आहे, म्हणजे पॉवर फॅक्टर १२६.४ यायला हवा. क्लबच्या क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) माझ्या चार इंची रिव्हॉल्व्हरमधून तो ११८ आला. कंपनीने फसवले का? — एक वाचक, ओहायो

उत्तर : बहुधा नाही. ११८ याचा अर्थ आपल्या गोळीचा वेग सुमारे ७४७ फूट होता, आणि एवढी तफावत रिव्हॉल्व्हरमध्ये अगदी नेहमीची आहे. सिलिंडर आणि नळी यांच्यात काही हजारांश इंचाची फट असते आणि तिच्यातून वायूचा काही भाग बाहेर निसटतो. ही फट प्रत्येक रिव्हॉल्व्हरमध्ये थोडी वेगळी असल्याने एकाच कारखान्याची दोन रिव्हॉल्व्हरेही एकाच काडतुसाला वेगवेगळा वेग देतात. खोक्यावरचा आकडा तर कित्येकदा अशी फट नसलेल्या लांब चाचणी-नळीतून घेतलेला असतो.

याखेरीज आणखी एक कारण आहे, आणि ते पुष्कळ जुन्या खेळाडूंच्याही लक्षात येत नाही. .३८ स्पेशलची पुंगळी मूळची काळ्या दारूसाठी आखलेली असल्यामुळे प्रशस्त आहे, आणि आजची धूरविरहित दारू तिच्या तळाशी थोडीशीच असते. रिव्हॉल्व्हर नळी खाली करून मग वर आणले, तर दारू पुढे गोळीकडे सरकलेली राहते. नळी वर करून मग खाली आणले, तर ती मागे प्रायमरपाशी, म्हणजे ठोक्याने पेटून दारू पेटवणाऱ्या तळाच्या टोपीपाशी, बसते. दुसऱ्या स्थितीत वेग बहुधा जास्त भरतो. म्हणून क्रोनोग्राफवर दोन्ही तऱ्हांनी गोळ्या झाडून पाहाव्यात आणि कमी आलेला आकडा खरा धरावा. शॉर्ट कोल्टच्या लहान पुंगळीत दारूला हलायला जागाच थोडी असल्यामुळे वेग अधिक एकसारखा येतो.

मोठ्या सामन्यात अधिकारी आपल्याकडून आठ काडतुसे घेतात, एकातील गोळी काढून तिचे वजन करतात आणि तीन झाडून सरासरी वेग मोजतात. १२५ च्या खाली आलात, तर पुढे खेळता येते, पण गुण धरले जात नाहीत. एवढा प्रवास करून आलेल्या माणसाला त्या टेबलापासून मान खाली घालून परतताना मी पाहिले आहे. थंडीत अनेक दारूंचा वेग उतरतो, म्हणून आपल्या स्वतःच्या रिव्हॉल्व्हरमधून निदान १३० भरतील अशी काडतुसे निवडावीत. १५८ ग्रेनच्या गोळीला त्यासाठी साधारण ८२५ फूट वेग लागेल. हातातले खोके वाया गेले असे मात्र समजू नका. 'आयडीपीए' या दुसऱ्या नेमबाजी संघटनेच्या साध्या रिव्हॉल्व्हर गटात १०५ पुरतात, तिथे ते चालेल. केवळ रिव्हॉल्व्हरसाठीच असलेल्या 'आयकोर' या संघटनेच्या सामन्यांमध्ये १२० ची मर्यादा असल्यामुळे तिथे मात्र ते थोडक्यात कमी पडेल.

प्रश्न : मी एच-वन-बी व्हिसावर आहे. रेंजवर भाड्याने रिव्हॉल्व्हर घेऊन सराव करता येईल का? — एक वाचक, सिॲटल

उत्तर : थेट तसे करू नका. अमेरिकेच्या संघीय कायद्याने बिगर-स्थलांतरित व्हिसाधारकाला बंदूक किंवा काडतूस बाळगण्यास मनाई आहे, आणि रेंजवर काही वेळ हाती घेतलेले भाड्याचे शस्त्रही त्यात मोडते. कायद्यात काही अपवाद आहेत. त्यांपैकी आपल्याला उपयोगी पडेल तो म्हणजे कोणत्याही राज्याचा चालू शिकार परवाना. राज्याचे नियम त्याखेरीज असतात, म्हणून वकिलाला विचारूनच पुढचे पाऊल टाकावे. यात चूक झाली तर व्हिसाच धोक्यात येतो.

प्रश्न : मी २५ मीटर सेंटर फायर प्रकाराचा सराव .३२ च्या वॅडकटर (सपाट तोंडाच्या गोळीच्या) काडतुसांनी करतो. प्रॅक्टिकल सामन्यात ती का दिसत नाहीत? — एक वाचक, पुणे

उत्तर : कारण दोन्ही खेळांना काडतुसाकडून वेगळी गोष्ट हवी असते. आपल्या प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर व्यासाची गोळी चालते, जोराची किमान अट नाही, आणि कागदावरचे छिद्र स्वच्छ कापले गेले तर रेषेवरचा गुण निर्विवाद मिळतो. वॅडकटरचे सपाट तोंड नेमके तेच काम करते. २००६ च्या दोहा एशियाडमध्ये जसपाल राणा यांनी याच प्रकारात ६०० पैकी ५९० गुणांची विश्वविक्रमाशी बरोबरी केली, यावरून किती बारीक फरकांवर हा प्रकार खेळला जातो ते दिसते. तीच सपाट गोळी घाईघाईने भरताना खोबणीच्या काठावर आपटून थांबते. शिवाय .३२ ची सुमारे ९८ ग्रेनची गोळी ७५० फुटांनी गेली, तर पॉवर फॅक्टर जेमतेम ७३ भरतो.

प्रश्न : बारा पौंड जोराने ओढावा लागणारा चाप हलका करून सहा पौंडांवर आणला. आता दहा-बारा काडतुसांमागे एखादे उडतच नाही. दोष स्प्रिंगचा की काडतुसाचा? — एक वाचक, फिनिक्स

उत्तर : दोघांच्या जोडीचा. चाप हलका करताना घोड्याची स्प्रिंग सैल होते, त्याचा ठोका हळू बसतो आणि कठीण प्रायमर त्याला दाद देत नाही. हलका चाप ठेवायचा असेल, तर प्रायमर हळवा हवा. स्पर्धकांमध्ये फेडरल कंपनीचे प्रायमर त्यासाठी पसंत केले जातात. तयार काडतुसे वापरत असाल आणि प्रायमर बदलणे आपल्या हाती नसेल, तर स्प्रिंग पुन्हा थोडी कसावी. आठ पौंडांचा खात्रीचा चाप सहा पौंडांच्या बेभरवशाच्या चापापेक्षा मला केव्हाही प्रिय आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये न उडालेल्या काडतुसावर उपाय सोपा, चाप पुन्हा ओढला की पुढचे काडतूस येते; पण आठाचे सात होतात आणि मनात आखलेली सारी भरण्याची योजना विस्कटते.

काडतुसे घरी भरत असाल, तर प्रायमर पुंगळीच्या तळापेक्षा किंचित खोल बसला आहे हे प्रत्येकावरून बोट फिरवून पाहा. पूर्ण न बसलेला प्रायमर पहिल्या ठोक्याने नुसताच आत ढकलला जातो आणि उडत नाही. तो बराच वर असेल तर मागच्या पोलादी भिंतीला घासून सिलिंडरच जाम होतो. माझ्याच हलगर्जीपणाने असा एक प्रायमर राहून गेला होता आणि सामन्याच्या दुसऱ्याच स्टेजवर माझे रिव्हॉल्व्हर सिलिंडर अडकून थांबले. तेव्हापासून मी भरलेली काडतुसे तळ वर करून सपाट टेबलावर मांडतो आणि एकेक तपासल्याशिवाय मून क्लिपमध्ये घालत नाही.

एक गोष्ट मात्र न उडालेल्या काडतुसाहून निराळी आहे. आवाज दबका आला, धक्का जाणवला नाही, किंवा सिलिंडर एकाएकी फिरेनासा झाला, तर गोळी नळीत किंवा नळीच्या तोंडाशी अडकली असण्याची शक्यता असते. तेव्हा चाप दुसऱ्यांदा ओढू नये, घड्याळ चालू असले तरी. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून थांबावे आणि अधिकाऱ्याला सांगावे. सिलिंडर उघडून, काडतुसे काढून, नळी मोकळी असल्याची खात्री होईपर्यंत ते रिव्हॉल्व्हर त्या दिवशी पुन्हा भरू नये.