फ्रीजचे दार उघडे ठेवल्याने खोली थंड का होत नाही?

आपण विचारले आहे की, कडक उन्हाळ्यात खोलीच्या दारे-खिडक्या लावून घेतल्या आणि फ्रीजचे दार सताड उघडे ठेवले, तर खोली थंड होईल का. होत नसेल, तर त्याच तत्त्वावर चालणारा एसी खोली कशी थंड करतो. ओघात आपण आणखी तीन गोष्टी विचारल्या आहेत: फ्रीजमधला गॅस काही वर्षांनी संपतो का, एसी १६ अंशांवर लावला तर खोली लवकर गार होते का, आणि हेच यंत्र उलटे वापरून थंडीच्या दिवसांत खोली गरम करता येईल का. शीतकरण यंत्रांच्या देखभालीत माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे हे प्रश्न मी पुष्कळ वेळा ऐकले आहेत. पहिल्याचे उत्तर आधीच सांगतो: खोली थंड होणार नाही, ती हळूहळू तापेल. मात्र ती का तापते हे नीट कळले, तर बाकीच्या प्रश्नांची उत्तरे त्यातूनच मिळतात, म्हणून तेवढा भाग सविस्तर लिहितो.

घोटाळ्याचे मूळ आपल्या बोलण्यात आहे. ‘दार लाव, थंडी आत येते आहे’ असे आपण सहज म्हणतो आणि त्यामुळे थंडी ही कुठेतरी तयार होणारी आणि इकडून तिकडे जाणारी वस्तू आहे, असे मनात बसते. प्रत्यक्षात ये-जा करते ती उष्णता. दारातून थंडी आत येत नाही. आपल्या अंगातली आणि खोलीतली उष्णता बाहेर जाते. फ्रीजलाही थंडी तयार करता येत नाही. तो फक्त आतल्या कप्प्यातली उष्णता उचलून बाहेर टाकतो, आणि त्याचे ‘बाहेर’ म्हणजे तीच खोली, जी आपल्याला थंड करायची आहे. फ्रीजच्या बाजूच्या पत्र्यावर तळहात ठेवून पाहा. तो कोमट लागतो, कारण आजच्या बहुतेक फ्रीजमध्ये उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या त्या पत्र्याच्या आतल्या अंगाला चिकटवलेल्या असतात. जुन्या फ्रीजच्या पाठीमागे काळी जाळी दिसायची, तीही याच कामाची. पुष्कळ जण पत्रा गरम लागला की फ्रीज बिघडला असे समजतात. खरे तर तो गरम लागणे हे काम चालू असल्याचे लक्षण आहे.

आता उष्णता उचलली कशी जाते ते पाहू. हात स्वच्छ करण्याचे सॅनिटायझर तळहातावर घेतले की क्षणभर गार लागते. ते द्रव बाटलीत खोलीच्याच तापमानाला होते, मग गारवा आला कुठून? द्रवाची वाफ होण्यासाठी उष्णता लागते आणि ती त्याने आपल्या कातडीतून घेतली. ही उष्णता किती मोठी असते याचा अंदाज पाण्यावरून येईल. एक किलो पाणी शून्य अंशापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला सुमारे ४१८ किलोजूल लागतात, पण शंभर अंशांवरच्या त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायला सुमारे २२५७ किलोजूल लागतात, म्हणजे पाचपटीहून अधिक. आणि एवढी उष्णता घेऊनही त्या काळात तापमान अंशभरही वाढत नाही. शाळेच्या पुस्तकात हिलाच अप्रकट उष्मा म्हटले आहे. वाफेचे पुन्हा द्रव होताना ही घेतलेली उष्णता जशीच्या तशी परत मिळते. बाष्पीभवनाने गारवा निर्माण करण्याचा प्रयोग स्कॉटलंडमधील विल्यम कलन यांनी अठराव्या शतकात इथर वापरून केला होता, आणि तेच द्रव पुन्हा पुन्हा वापरता येईल अशा बंद चक्राच्या यंत्राचे पेटंट जेकब पर्किन्स यांना १८३४ मध्ये मिळाले. आज घरात चालणाऱ्या फ्रीजमध्ये मूळ कल्पना तीच आहे.

या चक्राची गुरुकिल्ली दाबात आहे. कोणताही द्रव किती तापमानाला उकळेल हे त्याच्यावरच्या दाबावर अवलंबून असते. दाब कमी केला की तो कमी तापमानाला उकळतो, दाब वाढवला की जास्त तापमानाला. आजच्या अनेक घरगुती फ्रीजमध्ये शीतक, म्हणजे नळ्यांतून फिरत उष्णता वाहून नेणारा ‘गॅस’, म्हणून आयसोब्युटेन असते, ज्याला व्यवहारात आर-६००ए म्हणतात. नेहमीच्या वातावरणीय दाबाला ते उणे ११.७ अंशांना उकळते. फ्रीजरच्या नळ्यांमध्ये दाब त्याहूनही कमी ठेवलेला असल्यामुळे ते आणखी खालच्या तापमानाला उकळत राहते आणि त्यासाठी लागणारी उष्णता कप्प्यातल्या हवेतून आणि जिनसांतून ओढून घेते. बर्फाला स्पर्श करून काही ‘उकळते’ आहे ही कल्पना पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटते, पण फ्रीजरच्या भिंतीमागे नेमके तेच चाललेले असते. तयार झालेली वाफ कॉम्प्रेसर ओढून घेतो आणि दाबतो. दाबल्यामुळे ती खोलीपेक्षा जास्त गरम होते, आणि म्हणूनच बाजूच्या नळ्यांतून जाताना आपली उष्णता खोलीला देऊन तिचे पुन्हा द्रव होते. पुढे हा द्रव केशनलिकेतून, म्हणजे अगदी बारीक छिद्राच्या लांब तांब्याच्या नळीतून जातो, पलीकडे पोहोचेपर्यंत त्याचा दाब उतरतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर फ्रीजमधून थोडा वेळ येणारा सुस्कारा किंवा खळखळ म्हणजे त्या बारीक नळीतून दोन्ही बाजूंचे दाब समान होत असल्याचा आवाज असतो. ते समान व्हायला काही मिनिटे लागतात. म्हणून वीज जाऊन लगेच आली, तर फ्रीज तीन ते पाच मिनिटांनी सुरू करावा, असे मी आग्रहाने सांगतो. एका बाजूला जास्त दाब तुंबलेला असताना मोटरला पहिला फेरा घेणे जड जाते आणि ती जळू शकते.

उष्णता आपणहून थंड वस्तूकडून गरम वस्तूकडे जात नाही, हा नियम रुडॉल्फ क्लॉझियस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मांडला. उताराच्या दिशेने पाणी आपोआप वाहते, वर चढवायचे तर पंप लागतो. तसा कॉम्प्रेसर हा उष्णतेचा पंप आहे, आणि पंप चालवायला वीज खर्च होते. आपल्या प्रश्नाचे मर्म इथे आहे, कारण ही खर्च झालेली वीज नाहीशी होत नाही. तीही शेवटी उष्णताच होते आणि त्याच नळ्यांमधून व मोटरच्या अंगातून खोलीत येते. उदाहरणापुरते समजा की कॉम्प्रेसर १०० वॉट वीज घेतो आणि कप्प्यातून १५० वॉट उष्णता उचलतो. मग तो खोलीत २५० वॉट टाकतो. दार उघडे असेल, तर त्याने उचललेले १५० वॉट याच खोलीतले असतात. म्हणजे समोरून १५० घेतले आणि बाजूने २५० दिले. खोलीच्या पदरात दर सेकंदाला १०० जूल जास्तीचे पडले. खोलीच्या दृष्टीने हा फ्रीज आता १०० वॉटचा हीटर आहे, आणि दार उघडे असल्यामुळे कप्पा कधीच ठरवलेल्या तापमानाला पोहोचत नाही, म्हणून हा हीटर थांबतही नाही.

किती तापेल, हेही काढून पाहता येते. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलीत ३६ घनमीटर, म्हणजे सुमारे ४३ किलो हवा असते. तिचे तापमान एक अंशाने वाढवायला साधारण ४३ किलोजूल लागतात, आणि १०० वॉटने ते सात मिनिटांत मिळतात. या हिशेबाने तासाभरात आठ अंश वाढायला हवेत, पण तसे होत नाही, कारण भिंती, फरशी आणि सामान हवेपेक्षा कितीतरी वजनदार असतात आणि त्या उष्णतेतला मोठा वाटा शोषून घेतात. मी एकदा दुरुस्त केलेला रिकामा फ्रीज बंद खोलीत दार उघडून चार तास चालवून पाहिला होता. फ्रीजपासून दूर, छातीच्या उंचीवर टांगलेल्या तापमापकात सुमारे दीड अंशाची वाढ दिसली. त्याच वेळी फ्रीजसमोर उभे राहिल्यावर पावलांना मात्र छान गारवा लागत होता. गार हवा जड असल्यामुळे ती उघड्या दारातून खाली सांडते आणि फरशीवरून पसरते. ज्यांचे म्हणणे ‘खोली थंड होते’ असे असते, त्यांना बहुधा हाच अनुभव आला असावा, आणि तो अनुभव खोटा नाही. फक्त तो खोलीच्या एका कोपऱ्याचा आहे.

इथे एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. फ्रीज आधीपासून भरलेला आणि थंड असेल, तर दार उघडल्यावर पहिला काही वेळ आतल्या थंडगार जिनसा खोलीतली उष्णता शोषतात आणि खोलीला थोडा गारवा खरोखर मिळतो. दहा लिटर पाणी ४ अंशांपासून ३० अंशांपर्यंत येताना सुमारे १०८७ किलोजूल उष्णता घेते, जी काही क्षुल्लक नाही. पण ते पाणी थंड करताना तेवढी उष्णता, वर विजेची भर घालून, आदल्या दिवशी याच खोलीत टाकलेली असते. दमट हवेबाबतही असेच होते. उघड्या फ्रीजच्या गार भिंतींवर हवेतल्या बाष्पाचे पाणी होते, हवा थोडी कोरडी वाटते. परंतु आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजमध्ये हे पाणी नळीवाटे मागे कॉम्प्रेसरवरच्या छोट्या तबकात जाते आणि त्याच्या उष्णतेने पुन्हा वाफ होऊन खोलीतच परतते.

एसी खोली थंड करतो, कारण त्याचे दोन भाग भिंतीच्या दोन बाजूंना असतात. उष्णता उचलणाऱ्या नळ्या आत, ती टाकणाऱ्या नळ्या आणि कॉम्प्रेसर बाहेर. बाष्पाचे झालेले पाणीही नळीने बाहेर जाते. बाकी यंत्र तेच. आपल्याकडे ज्याला एक टनाचा एसी म्हणतात, त्यातल्या टनाचा एसीच्या वजनाशी संबंध नाही. बर्फाचा वापर होत असे त्या काळातले ते माप आहे. सुमारे ९०७ किलोचा अमेरिकी टन बर्फ चोवीस तासांत वितळताना ज्या वेगाने उष्णता शोषतो, तो वेग म्हणजे एक टन, अर्थात साधारण ३.५ किलोवॉट. एवढी उष्णता उचलायला एसी ढोबळमानाने एक किलोवॉट वीज घेतो आणि बाहेर साडेचार किलोवॉट टाकतो. बाहेरच्या भागासमोरून चालताना अंगावर येणारा गरम झोत हाच. तो भाग कोंदट जागेत बसवला, तर त्याच गरम हवेत त्याला उष्णता टाकावी लागते, पंपाची चढण वाढते आणि विजेचा खर्चही. फ्रीज भिंतीला अगदी चिकटवून ठेवू नये, याचेही कारण हेच आहे.

गॅसविषयी थोडक्यात. शीतक हे इंधनासारखे वापरले जात नाही. यंत्र चालताना ते जळून खर्च होत नाही आणि झिजतही नाही. यंत्र धडधाकट असेल तर कारखान्यात भरलेला गॅस त्याला आयुष्यभर पुरतो. तो कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधून बुजवल्याशिवाय नुसता गॅस भरून घेणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. माझ्या कामात वारंवार दिसलेले एक कारण म्हणजे साचलेला बर्फ सुरीने खरवडणे. फ्रीजरची ॲल्युमिनियमची नळी इतकी पातळ असते की सुरीचे टोक लागताच बारीक फुस्स असा आवाज येतो आणि दोन मिनिटांच्या उतावळेपणापायी दुरुस्ती मोठी होऊन बसते. फ्रीज बंद करून दार उघडे ठेवावे, बर्फ आपोआप सुटतो. आयसोब्युटेन ज्वलनशील असल्यामुळे असा आवाज आल्यास आधी खिडक्या उघडाव्यात, जवळ ज्योत पेटवू नये आणि विजेच्या बटणांना हात लावू नये. पूर्वी वापरात असलेले क्लोरोफ्लुरोकार्बन वायू जळत नसत, पण ते ओझोनच्या थराची हानी करतात हे मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले आणि १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते टप्प्याटप्प्याने बंद झाले. घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेनचे प्रमाण फार थोडे असते, त्यामुळे योग्य काळजी घेतल्यास हा बदल मला स्वतःला पूर्णपणे योग्य वाटतो.

१६ अंशांवर लावल्याने खोली लवकर गार होत नाही. साध्या एसीचा कॉम्प्रेसर एक तर पूर्ण चालू असतो किंवा बंद. आपण दिलेला आकडा त्याला फक्त कुठे थांबायचे एवढेच सांगतो. इन्व्हर्टर एसी वेग कमी-जास्त करतो, तरी खोली चांगलीच तापलेली असताना २४ लावा की १६, सुरुवातीला तो जवळजवळ पूर्ण ताकदीनेच धावतो. फरक पडतो तो नंतर: २४ वर तो मंदावतो, १६ वर मात्र कदाचित कधीच गाठता न येणाऱ्या तापमानासाठी वीज खात राहतो.

राहिला उलट वापराचा प्रश्न. होय, तसे करता येते आणि ते फायद्याचेही आहे. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखले गेलेले शास्त्रज्ञ, यांनी ही कल्पना १८५२ मध्येच मांडली होती. साधा विजेचा हीटर एक किलोवॉट घेऊन एकच किलोवॉट उष्णता देतो. हे यंत्र तेवढीच वीज वापरून बाहेरच्या हवेतली दोन-तीन किलोवॉट उष्णता उचलून आत आणते आणि खर्च झालेली वीजही उष्णतेच्या रूपात आतच मिळते. बाहेरची हवा आपल्याला कितीही गार लागली, तरी तिच्यात उष्णता असतेच, फक्त ती जितकी गार तितके उचलणे कठीण आणि लाभ कमी. ‘हॉट अँड कोल्ड’ असे लिहिलेल्या एसीमध्ये यासाठी चार तोंडांची एक झडप असते. ती फिरली की शीतकाचा प्रवाह उलटतो, आतल्या नळ्या उष्णता देऊ लागतात आणि बाहेरच्या नळ्यांवर दहिवर धरते.