पोझिशन पेपर आणि अहवाल: एकाच मजकुराची दोन रूपं नव्हेत

तुमची अडचण मला समजली ती अशी: एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) फील्डवर्कसाठी तुम्ही सिंधुदुर्गातल्या एका संस्थेत आहात. पश्चिम घाटातली गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील (इको-सेन्सिटिव्ह) ठरवणाऱ्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेच्या मसुद्यावर कॉलेजला अहवाल द्यायचा आहे आणि संस्थेला त्याच विषयावर चार पानी पोझिशन पेपर, म्हणजे संस्थेची भूमिका आणि मागणी मांडणारा लेख, हवा आहे. अहवाल जवळजवळ तयार आहे, तर त्यालाच कात्री लावून पेपर होईल का?

नाही होणार. अहवाल वाचणाऱ्याला तुम्हाला काय आढळलं आणि ते कसं शोधलंत हे तपासता आलं पाहिजे. पेपर वाचणाऱ्याला त्याने नेमकं काय करावं असं तुमचं म्हणणं आहे, ते पहिल्या अर्ध्या पानात कळलं पाहिजे. कापून लहान केलेल्या अहवालात दुसऱ्या पानापर्यंत पार्श्वभूमीच चालू असते. तोवर वाचणारा उठून गेलेला असतो.

पण म्हणून अहवालात भूमिका नसते असंही समजू नका. ती असते, फक्त ती ‘अभ्यासपद्धती’ नावाच्या, कोणी न वाचणाऱ्या प्रकरणात बसलेली असते. तुमच्याच विषयातलं उदाहरण घ्या. घाटाच्या अभ्यासासाठी केंद्राने पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालची समिती २०१० मध्ये नेमली आणि तिचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये आला. त्यांनी घाटावर साधारण नऊ बाय नऊ किलोमीटरच्या चौकटी टाकल्या, सगळाच घाट संवेदनशील धरला आणि त्याचे तीन स्तर केले. त्यानंतर केंद्रानेच नेमलेल्या कस्तुरीरंगन गटाने एप्रिल २०१३ मध्ये अहवाल दिला. त्यांनी उपग्रह नकाशांवरून शेती, मळे आणि वस्त्या वेगळ्या काढल्या, उरलेल्या नैसर्गिक क्षेत्रातला संवेदनशील भाग पाहिला आणि एकक म्हणून गाव घेतलं. गावात असा भाग २० टक्के किंवा जास्त असेल तर अख्खं गाव आत. त्यातून सुमारे ३७ टक्के घाट संवेदनशील ठरला. डोंगर तेच, पण मोजायचं एकक बदललं. चौकट सातबाऱ्याशी जुळत नाही, त्यामुळे ग्रामसभेला हद्द दाखवता येत नाही. गाव हे एकक महसूल खात्याला सोयीचं, पण १९ टक्क्यांचं गाव बाहेर आणि त्याला लागून असलेलं २१ टक्क्यांचं आत, याचं उत्तर रानाकडे नाही. हा वाद खरा तर अभ्यासपद्धतीचा आहे. चॅनेलवर तो ‘विकास विरुद्ध पर्यावरण’ म्हणून चालला.

तेव्हा तुमच्या अहवालातलं ते प्रकरण नीट लिहा. कोणत्या वाड्यांत गेलात, कोणाशी बोललात, कोण भेटलं नाही. फक्त ग्रामसभेला आलेल्यांशी बोलला असाल तर तसं लिहा. खाणीवरचे मजूर आणि दिवसभर काजूच्या बागेत असणाऱ्या बायका तुमच्या नमुन्यात नाहीत, हे वाचणाऱ्याला कळू द्या. त्याने अहवाल कमकुवत होत नाही. परीक्षक खुसपट काढण्याआधी तुम्हीच मर्यादा सांगितलेली बरी.

आता पेपर. संस्थेच्या पेपरचा कच्चा खर्डा तुम्ही प्रश्नात चिकटवला आहे, त्यातलं शेवटचं वाक्य आहे: ‘स्थानिकांच्या भावना लक्षात घेऊन योग्य तो निर्णय व्हावा.’ या वाक्यावर जगातलं कोणतंही सरकार आनंदाने सही करेल, कारण त्यात मागणीच नाही. त्याऐवजी असं काही हवं: खाणबंदीची तरतूद आहे तशी ठेवावी, परिशिष्टातल्या यादीत अमुक तालुक्यातली ही गावं घालावीत, कारण एक, दोन, तीन. कोणी, कुठल्या तरतुदीत, काय बदलायचं, एवढं स्पष्ट. ‘विचार व्हावा’, ‘गांभीर्याने दखल घ्यावी’ हे शब्द शोधून खोडा.

मग समोरच्याची सगळ्यात मजबूत बाजू घ्या, सगळ्यात हास्यास्पद नव्हे. तुम्ही लिहिलंय की ‘घर बांधता येणार नाही’ ही अफवा आहे. बरोबर आहे. अधिसूचनेच्या मसुद्यातली बंदी २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामांना आहे आणि असलेल्या घरांच्या दुरुस्तीला आडकाठी नाही. पण तिथेच थांबलात तर गावात कोणी ऐकणार नाही. मसुद्यात खाणीबरोबर दगडखाण आणि वाळूउपसाही बंद होतो. चालू खाणी अंतिम अधिसूचनेपासून पाच वर्षांत किंवा लीज संपेल तेव्हा, यातलं जे आधी घडेल तेव्हा बंद. कोकणात घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं. घर बांधायला मनाई नाही, पण चिरा आणायचा कुठून? हा खरा आक्षेप आहे आणि त्याला तुमच्या चार पानांत एक ओळही नाही. संस्थेची भूमिका काहीही असो (स्थानिक वापरापुरती सवलत, संवेदनशील गावांबाहेरून पुरवठा किंवा सरसकट बंदीच), ती लिहावी लागेल. लिहिता येत नसेल तर भूमिका अजून ठरलेली नाही. मग आधी संस्थेत बसून बोला.

आकड्यांबाबत एक सूचना. मार्च २०१४ पासून जुलै २०२४ पर्यंत या विषयाचे सहा मसुदे निघाले. अंतिम होत नाही, मुदत संपते, पुन्हा नवा निघतो. त्यामुळे प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणत्या मसुद्यातला, हे हवंच. महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर हा आकडा २०१४ च्या मसुद्यातला आहे. एकूण क्षेत्राची गंमत पाहा: कस्तुरीरंगन गटाचे ५९,९४० चौरस किलोमीटर त्या मसुद्यात ५६,८२५ झाले. फरक केरळचा. त्या राज्याने प्रत्यक्ष पाहणी करून वस्ती, शेती आणि मळ्यांचा भाग वगळून मागितला आणि आपलं क्षेत्र १३,१०८ वरून ९,९९३.७ वर आणलं. ते योग्य झालं का, यावर मी इथे वाद घालू शकतो, पण मागणी कशी करावी याचा तो धडा आहे. नुसता विरोध केलेल्यांच्या वाट्याला तेवढं आलं नाही.

मांडणीचं थोडक्यात. आलेल्या हरकती सरकारी कार्यालयात साधारणपणे तक्त्यात उतरवतात: हरकत कोणाची, मुद्दा काय, त्यावर अभिप्राय काय. म्हणून प्रत्येक मुद्द्याला क्रमांक द्या, त्यातच तरतूद आणि गावाचं नाव घाला आणि तो एकटा वाचला तरी कळेल असा लिहा. ‘वर म्हटल्याप्रमाणे’ तक्त्यात गेलं की निरर्थक होतं. नकाशे आणि मुलाखतींचे तपशील परिशिष्टात. सारांश सगळ्यात शेवटी लिहा आणि सगळ्यात आधी ठेवा.

कॉलेजच्या अहवालात वर्तमानपत्रातले परिच्छेद जसेच्या तसे आले आहेत, ते बदला. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत प्रबंधाचं इतरांच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत पुन्हा लिहून द्यावं लागतं. मराठी मजकूर सॉफ्टवेअरला सापडत नाही अशी समजूत असेल तर गाईडला सापडतो.

आणि मुदत. हरकतींसाठी ६० दिवस असतात आणि ते राजपत्राच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्यापासून मोजतात, बातमी तुम्ही वाचलीत त्या दिवसापासून नाही. नवा मसुदा निघाला की आधी तारीख पाहा. पेपर ईमेलने आणि पोस्टाने, दोन्हीकडून पाठवा आणि पोच फाईलला लावा. चिऱ्याचा मुद्दा लिहून झाला की इथेच टाका, वाचून सांगतो.