बारावीनंतर पॅरामेडिकल, पण कॉलेज कुठलं? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार, मी इंदूरला सुदामानगरात राहते. यंदा बायो घेऊन बारावी झाले, नीटमध्ये मार्क आले नाहीत आणि परत एक वर्ष ड्रॉप घ्यायची घरची परिस्थिती नाही. एका प्रायव्हेट कॉलेजात चौकशीला गेलो तर तिथल्या मॅडम म्हणाल्या डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) कर, दोन वर्षांत शंभर टक्के प्लेसमेंट, फक्त आज सीट बुक करा नाहीतर उद्यापासून फी वाढणार. बाबा पैसे भरायला तयार आहेत, आई म्हणते नर्सिंग कर, मामा म्हणतात करायचंच तर डिग्री कर. मला लॅबचं काम आवडेल असं वाटतं पण लॅब आतून कधी बघितलेली नाही. काय करू?

उत्तर : बाळा, आधी बाबांना सांग की आज पैसे भरायचे नाहीत. फी खरंच उद्या वाढणार असेल तर ते कागदावर लिहून द्या म्हणावं. बहुतेक देणार नाहीत.

तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते शेवटचं, की लॅब बघितलेली नाही. ते आधी कर. एखाद्या ओळखीच्या पॅथॉलॉजीत सकाळी आठच्या सुमारास, उपाशीपोटीच्या तपासण्यांची गर्दी असते तेव्हा, परवानगी घेऊन कलेक्शनच्या टेबलापाशी तासभर उभी राहा. बघ, दंडाला पट्टा बांधला की चांगला टेक्निशियन तो मिनिटभराच्या वर ठेवत नाही. ट्यूबा पण वाटेल त्या क्रमाने भरत नाहीत, निळ्या झाकणाची आधी, मग लाल किंवा पिवळी, त्यानंतर जांभळी आणि शेवटी करडी. का? जांभळीत ईडीटीए असतं, रक्त गोठू नये म्हणून, आणि ते पोटॅशियमचं मीठ. त्याचा अंश पुढच्या ट्यूबमध्ये गेला तर रिपोर्टात पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं आणि कॅल्शियम खोटंच कमी, आणि डॉक्टर तर तो आकडा बघूनच औषध देणार ना. निळी ट्यूब खुणेपर्यंत भरावीच लागते कारण त्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असं माप ठरलेलं आहे, कमी भरली तर रक्त गोठण्याची तपासणी चुकते. जांभळी हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करायची, जोरात हलवली की रक्तपेशी फुटतात. हे सगळं बघताना तुला कंटाळा आला तर लॅब तुझ्यासाठी नाही, आणि पुढे काय होतं हे विचारावंसं वाटलं तर मामांशी बोलायला बस.

आता कॉलेज. बिल्डिंग, एसी क्लास, प्लेसमेंटचे फोटो, हे सगळं बाजूला ठेव. माझं म्हणणं एकच आहे, तुझे हात कुठल्या हॉस्पिटलात तयार होणार ते बघ. कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल आहे का, नसेल तर कोणाशी करार आहे, त्याची प्रत दाखवा म्हण. तिथे बेड किती, लॅबमध्ये रोज सॅम्पल किती येतात, आठवड्यातले किती दिवस तुम्हाला पाठवणार आणि तिथे शिकवायला कोणी असणार का नुसत्या फायली उचलायला लावणार. ऑफिसात उत्तर मिळेलच असं नाही, म्हणून कॉलेज सुटायच्या वेळी गेटवर सेकंड इयरच्या मुलींना गाठ आणि सरळ विचार, आजपर्यंत स्वतःच्या हाताने किती जणांचं रक्त काढलं? पाच मिनिटांत सगळं कळतं. प्लेसमेंटचंही तसंच, मागच्या वर्षीची मुलं कुठल्या हॉस्पिटलात कोणत्या पोस्टवर लागली ते विचार. 'ट्रेनी' म्हणून सहा महिने फुकट राबवणं ही प्लेसमेंट नव्हे.

दुसरी गोष्ट मान्यतेची, आणि इथे आपल्या मध्य प्रदेशात जास्तच सावध राहायला हवं. नर्सिंग कॉलेजांचं काय झालं ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल, हायकोर्टाने सीबीआयकडून तपासणी करवली, कित्येक कॉलेजं निकषात बसली नाहीत आणि परीक्षा रखडून मुलींची वर्षं गेली ती गेलीच. त्या मुलींचा काय दोष होता? म्हणून मान्यता आहे असं नुसतं तोंडी सांगितलेलं धरायचं नाही, तुझ्याच कोर्सचं, तुझ्याच सत्राचं, सीटांच्या आकड्यासकट मान्यतेचं पत्र मागायचं आणि ते पॅरामेडिकल कोर्सांना मान्यता देणाऱ्या भोपाळच्या कौन्सिलकडे जाऊन किंवा त्यांच्या साइटवर ताडून बघायचं. २०२१ मध्ये केंद्राने अलाइड आणि हेल्थकेअर प्रोफेशन्सचा, म्हणजे लॅब, एक्सरे, डायलिसिस अशा कामांचा, स्वतंत्र कायदा केला, त्यात प्रत्येक राज्याची कौन्सिल आणि नोंदणीचं रजिस्टर आहे, म्हणजे पुढे त्या रजिस्टरमध्ये तुझं नाव चढेल का हा प्रश्न आजच विचारायचा. डिग्री देत असतील तर ती कुठल्या युनिव्हर्सिटीची? डिग्री विद्यापीठ किंवा संसदेच्या कायद्याने तसा अधिकार दिलेली संस्थाच देऊ शकते, कुठलीही इन्स्टिट्यूट किंवा अकॅडमी नाही.

डिप्लोमा का डिग्री? पैशाची ओढाताण असेल तर डीएमएलटी करून नोकरीला लागणं यात कमीपणा काहीच नाही. डिग्रीने पुढे एमएस्सीचा आणि सुपरवायझर होण्याचा रस्ता सोपा होतो. डिप्लोम्यानंतर डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश काही विद्यापीठं देतात, सगळी देत नाहीत, ते आताच विचारून ठेव. आणि नोकरी करता करता घरबसल्या डिस्टन्सने डिग्री करून देतो असं कोणी म्हटलं तर तिथून निघ, यूजीसीने २०२५ च्या सत्रापासून त्या २०२१ च्या कायद्याखालचे कोर्स डिस्टन्स आणि ऑनलाइन बंद केले आहेत.

आईंना सांग की नर्सिंग उत्तमच आहे पण ते वेगळं काम आहे, त्याची कौन्सिलही वेगळी. दिवसरात्र पेशंटच्या उशाशी राहायची आवड हवी. आणि प्रायव्हेटमध्ये पैसे भरण्याआधी एमजीएम मेडिकल कॉलेजात एक चक्कर मारून ये, सरकारी फी आणि एमवायसारखं गर्दीचं हॉस्पिटल, शिकायला याहून चांगली जागा मिळणं कठीण आहे.

प्रश्न : आम्ही ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो. मुलीला एक्सरे-सीटीची डिग्री करायची आहे, प्रवेशही मिळतोय, पण माझी बहीण म्हणते रोज रेडिएशनमध्ये काम, उद्या लग्नाला आणि मुलाबाळांना अडचण येईल. अडवावं का?

उत्तर : दादा, अडवू नका. ताईंची काळजी खोटी नाही पण आता या कामाला नियम आहेत आणि ते कडक आहेत. एक्सरेचं मशीन बटण दाबल्यावर तेवढ्या क्षणापुरतंच किरण सोडतं, नंतर खोलीत काही उरत नाही. टेक्निशियन शिशाच्या काचेमागे उभा असतो, आणि अंतर दुप्पट केलं की किरण चौथ्या हिश्शावर येतात. प्रत्येकाला छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे किरणांचा डोस मोजणारा बिल्ला, लावावा लागतो, तो दर तीन महिन्यांनी तपासायला जातो आणि कोणाला किती डोस लागला त्याची नोंद राहते. एईआरबी म्हणजे अणुऊर्जा नियामक परिषदेची मर्यादा आहे पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलीसिव्हर्ट (हे डोसाचं माप), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. गरोदरपणात वेळेवर कळवलं की कामाची जागा बदलता येते. एमआरआयमध्ये तर एक्सरे नसतातच.

तुम्ही कॉलेजला हे विचारा की विद्यार्थ्यांना बॅज देता का. मुलं बॅजशिवाय एक्सरे रूममध्ये उभी केली जात असतील तर ते कॉलेज सोडा, मग नाव कितीही मोठं असो. सोनोग्राफी शिकवून स्वतःचं सेंटर काढता येईल असं आमिष कोणी दाखवलं तर तेही खोटं आहे, गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याप्रमाणे गरोदर बाईची सोनोग्राफी करायला ठराविक पात्रतेचा डॉक्टरच लागतो.

खरा त्रास कशाचा असतो सांगू? नाइट ड्यूटीचा आणि पाठीचा. अॅक्सिडेंटचा पेशंट स्ट्रेचरवरून टेबलावर घ्यायचा म्हणजे ताकद लागते. मुलीशी बोलायचंच तर त्यावर बोला.

प्रश्न : मी चौतीस वर्षांची, बीए आहे, इंदूरलाच राहते. सासूबाईंचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, चार-चार तास मी तिथे बसते. ते काम मला फार आवडलं. सहा महिन्यांत डायलिसिस टेक्निशियन असं पॅम्फ्लेट आलंय, करू का?

उत्तर : तुमची इच्छा मनापासूनची आहे म्हणून स्पष्ट सांगते, हा कोर्स करू नका. एका डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी मशीनमधून जातं, मिनिटाला अर्धा लिटर, आणि ते पेशंटच्या रक्तापासून एका पातळ पडद्याएवढ्याच अंतरावर असतं. पाण्यात क्लोरीन राहिलं तर रक्तपेशी फुटतात, बीपी अचानक पडतं, पेशंटला वांब येतात, हे सांभाळायला सहा महिन्यांत कोणी तयार होत नाही. २०२१ च्या कायद्यातही अलाइड हेल्थ प्रोफेशनलसाठी किमान २००० तासांचं आणि दोन ते चार वर्षांचं शिक्षण सांगितलंय.

दोन वर्षांच्या डिप्लोम्याला सहसा बारावी सायन्स, बायोलॉजी घेऊन लागते. ओपन स्कूलमधून बारावीचे विषय परत देता येतात, पण ती बारावी या कोर्सला चालेल का ते कौन्सिलकडून लेखी घेतल्याशिवाय पुस्तकंसुद्धा विकत घेऊ नका. तेवढा वेळ नसेल तर जीडीए म्हणजे जनरल ड्यूटी असिस्टंटचा कोर्स बघा, टेक्निशियनची पदवी नाही, पगारही कमी, पण पेशंटला उठवणं-बसवणं, भरवणं, बेडसोअर होऊ न देणं हे सगळं त्यात शिकवतात आणि ते तुम्ही घरी करतच असाल. तिथेही आधी विचारा की वॉर्डात किती दिवस उभं करणार. पुढच्या खेपेला सासूबाईंना घेऊन गेलात की तिथल्या टेक्निशियनलाच विचारा त्यांनी कुठून केलं आणि तिथे आज शिकवतंय कोण.