चाकांवरचं बिऱ्हाड : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या खेपेला आलेली बहुतेक पत्रं दोघांनीच आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी किंवा गाडीमागे ओढायचा ट्रेलर) घेऊन भटकणाऱ्या जोडप्यांची आहेत. वाचताना एक जाणवलं : बऱ्याच ठिकाणी वस्तू शाबूत आहे, चुकलाय तो क्रम. आधी काय उघडायचं, काय बंद करायचं, कुठलं बटण कधी फिरवायचं, एवढ्यावरच निम्मी उत्तरं संपली.

प्रश्न : आमच्या ट्रेलरला 100 अँपिअर-तासांची नवी लेड-ॲसिड बॅटरी आहे. वीजजोडणी नसलेल्या कॅम्पग्राउंडवर संध्याकाळी पोचलो. रात्री दोन एलईडी दिवे आणि पाण्याचा पंप, एवढंच वापरलं. तरी पहाटे सगळं ठप्प. फ्रिज गॅस, घरातल्यासारखी मेन्सची वीज आणि बॅटरीचे 12 व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा आहे.

बॅटरी बदलू नका, फ्रिजचं बटण बघा. प्रवासात ते 12 व्होल्टवर होतं आणि पोचल्यावर गॅसवर फिरवायचं राहून गेलं, असा आमचा जवळजवळ खात्रीचा अंदाज आहे. हा शोषण पद्धतीचा फ्रिज असतो. त्यात कॉम्प्रेसर नाही. अमोनियाचं द्रावण तापवून थंडावा तयार होतो. 12 व्होल्टवर तापवायचं म्हणजे आत चक्क हीटर चालतो आणि तो 10 ते 15 अँपिअर खातो. गाडी चालू असताना हा भार अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र, सोसतो. इंजिन बंद झालं की तो बॅटरीवर येतो. ताशी 12 अँपिअर धरले तरी आठ तासांत 96 होतात. शिवाय लेड-ॲसिड बॅटरीतले निम्मेच अँपिअर-तास वापरायचे असतात, म्हणजे तुमच्या हाती खरे 50. चार-साडेचार तासांत तुमची मर्यादा ओलांडली गेली. दिवे आणि पंप बिचारे नाहक बदनाम झाले.

म्हणून पोचल्यावर पहिलं काम ट्रेलर सपाट करणं आणि दुसरं फ्रिज गॅसवर घेणं. हा क्रम उलटा करू नका. द्रावण आतल्या नळ्यांतून उतारानेच वाहतं. ट्रेलर तिरका उभा राहिला तर ते एका जागी साचतं, तिथेच तापत राहतं आणि नळी कायमची चोंदते. फ्रिजच्या मागच्या बाजूला पिवळी भुकटी दिसली किंवा अमोनियाचा उग्र वास आला, तर तो गळतोय. बंद करून दारं-खिडक्या उघडा.

बॅटरी किती उरली हे पॅनेलवरच्या तीन-चार दिव्यांवरून कळत नाही. व्होल्ट मोजणारा साधा मल्टिमीटर घ्या. चार्जिंग आणि भार दोन्ही बंद ठेवून दोनेक तासांनी मोजा : 12.7 व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, 12.1 च्या आसपास म्हणजे निम्मी. निम्म्याखाली वारंवार नेली तर नवी बॅटरीही लवकर म्हातारी होते.

लिथियम घ्यायची असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. शून्य अंश सेल्सिअसखाली ती चार्ज करायची नाही. आत स्वतःचा हीटर असेल तरच अपवाद. आणि गाडीच्या अल्टरनेटरला ती थेट जोडायची नाही. ती इतका प्रवाह ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये प्रवाह आवरून धरणारा डीसी-डीसी चार्जर हवाच.

प्रश्न : ट्रेलर मागे घेताना रोज भांडण होतं. मी चालवतो, पत्नी मागे उभी राहून “डावीकडे, डावीकडे” ओरडते आणि ट्रेलर नेमका उजवीकडे जातो.

दोघांचंही बरोबर आहे, भांडण “डावीकडे” या शब्दाचं आहे. कुणाच्या डावीकडे? स्टिअरिंग, ट्रेलरचा मागचा भाग, की तिची डावी? आधी हे ठरवा : बोलायचं ते फक्त ट्रेलरच्या शेपटीबद्दल, आणि बाजू सांगायची ती “ड्रायव्हरची” किंवा “दाराची”. “शेपूट दाराच्या बाजूला” यात गोंधळाला जागा नाही.

चालवणाऱ्याने हात स्टिअरिंगच्या तळाशी, घड्याळात सहा असतात तिथे धरावा. शेपूट ज्या बाजूला न्यायची, हात त्या बाजूला सरकवायचा. थोडंच फिरवायचं आणि ट्रेलर वळायला लागला की लगेच सरळ करायला सुरुवात. नवखे लोक वाट बघत राहतात. तोवर ट्रेलर आणि गाडीचा काटकोन झालेला असतो. तसं झालं तर मागे घेऊन सुधारता येत नाही. सरळ पुढे या आणि पुन्हा सुरू करा. पुढे येण्यात कमीपणा नाही.

मागच्या माणसाने आरशात दिसेल अशा जागी उभं राहायचं. आरशातून माणूस नाहीसा झाला की गाडी थांबवायची, हा नियम मोडायचा नाही. ओरडण्याऐवजी फोन लावून ठेवा. शिवाय मागच्या माणसाने जमिनीकडेच नव्हे तर वरही बघायचं : झाडाची फांदी एसीचं झाकण नेते आणि त्या वेळी दोघांचं लक्ष नळाच्या खांबाकडे असतं.

प्रश्न : ब्लॅक टँक (कमोडची घाण साठणारी टाकी) रिकामा केला तरी मीटर “पूर्ण भरला” दाखवतो आणि फ्लश करताना वास येतो. पूर्ण जोडणीच्या (वीज, पाणी आणि गटार तिन्ही असलेल्या) जागी आम्ही व्हॉल्व्ह उघडाच ठेवतो, म्हणजे घाण साचणार नाही.

घाण साचतेय ती त्याच उघड्या व्हॉल्व्हमुळे. पातळ भाग वाहून जातो, घट्ट भाग आणि कागद मागे राहतात आणि कमोडच्या बरोबर खाली त्यांची टेकडी तयार होते. वाळली की ती सहजासहजी हलत नाही. ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह कायम बंद असावा आणि टाकी दोन-तृतीयांश भरल्यावरच उघडावा. ओझं असलं तरच जोर येतो आणि तो जोरच सगळं ओढून नेतो.

रिकामी करायचा क्रम असा : हातमोजे घाला, पाइप आधी गटाराच्या तोंडात घट्ट बसवा, मग ट्रेलरला जोडा. आधी ब्लॅक, नंतर ग्रे, म्हणजे सांडपाण्याची टाकी. भांडी-अंघोळीच्या साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. त्यासाठी ग्रेचा व्हॉल्व्हही आदल्या दिवशी बंद करून थोडं पाणी साठवायला हवं. शेवटी व्हॉल्व्ह बंद केले की कमोडमधून 10-15 लिटर पाणी ब्लॅक टँकमध्ये ओता. हे शेवटचं पाऊल बहुतेक जण गाळतात आणि पुढच्या खेपेची टेकडी तिथेच सुरू होते.

मीटर खोटं बोलतो कारण टाकीच्या भिंतीत धातूची टोकं बसवलेली असतात. पाण्याने त्यांच्यातलं सर्किट जुळतं, तसंच चिकटलेल्या कागदानेही जुळतं. निघायच्या आदल्या दिवशी टाकी निम्मी पाण्याने भरा, भांड्यांचा साबण थोडा घाला आणि रस्त्यात तासभर घुसळू द्या. पुढच्या ठिकाणी रिकामी करा. दोन-तीनदा करावं लागेल. फॉर्मल्डिहाइड असलेलं औषध टाळा. सेप्टिक टँकवर चालणाऱ्या कॅम्पग्राउंडचे जिवाणू त्याने मरतात.

वासाचं कारण वेगळं आहे. फ्लश करताना छताचा पंखा चालू असणार. पंखा आतली हवा बाहेर फेकतो आणि ती जागा भरायला हवा टाकीतून वर येते. फ्लशआधी पंखा बंद करा.

प्रश्न : समुद्रकिनाऱ्यावर वाळूत मुक्काम करायचा आहे. काय जपायचं?

सर्वांत आधी हे ठरवा की वाळूवर जायचंच का. मोटरहोमचं, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेल्या आरव्हीचं, बरंचसं वजन मागच्या आसावर असतं आणि मऊ वाळूत ती चाकं सगळ्यांत आधी रुततात. त्यामुळे मोटरहोम डांबरी किंवा दाबलेल्या जागेवर ठेवून किनाऱ्यापर्यंत चालत जाणं शहाणपणाचं. चारही चाकं फिरणाऱ्या गाडीने हलका ट्रेलर न्यायचा असेल तर गाडीच्या टायरमधली हवा 18 ते 20 पीएसआयपर्यंत कमी करतात. टायर पसरतो, वजन मोठ्या जागेवर वाटलं जातं. पण पक्क्या रस्त्यावर येण्याआधी हवा पुन्हा भरलीच पाहिजे; कमी हवेने वेगात धावणारा टायर तापून फाटतो. म्हणजे पंप सोबत नसेल तर हवा सोडायचीच नाही.

चाक फिरतंय आणि गाडी जागची हलत नाही, हे लक्षात येताच पाय उचला. ॲक्सिलरेटरचा प्रत्येक दाब चाकाला आणखी खाली पुरतो. उतरून चाकांच्या पुढची वाळू उपसा, फळ्या घाला, मग हळू निघा.

उभं राहायची जागा निवडताना वाळूवरची शेवाळ-शिंपल्यांची ओळ शोधा. मागची भरती तिथवर आली होती. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं आणि पाणी त्याही वर येतं, म्हणून ओळीपासून चांगलं अंतर ठेवा आणि भरतीचं वेळापत्रक बघा.

मीठ हा हळू काम करणारा शत्रू. ते हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे पाऊस नसतानाही गंज चालूच राहतो. लोक बाजू धुतात आणि खालचा भाग विसरतात. चासी, चाकांच्या पोकळ्या, पायऱ्या, टेकूचे जॅक, हिच (गाडी-ट्रेलर जोडणारा सांधा) आणि साखळ्या, यांच्यावर किनारा सोडल्याच्या दिवशीच भरपूर गोडं पाणी मारा. गाडी-ट्रेलरमधल्या विजेच्या प्लगमध्ये ओलावा रोखणाऱ्या डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर द्या. ट्रेलरचे दिवे मध्येच बंद पडण्याचं कारण बहुधा तिथला हिरवा थर असतो.

स्लाइड-आउट, म्हणजे भिंतीतून बाहेर सरकणारी खोली, आत घेण्याआधी तिचं छत आणि रबरी पट्ट्या मऊ ब्रशने झाडा. एक चिमूट वाळू रबरात अडकली की प्रत्येक ये-जा सँडपेपरसारखी होते. दाराबाहेर पाण्याचं घमेलं ठेवून पाय तिथेच धुवा. शॉवरमध्ये धुतलेली वाळू ग्रे टँकच्या तळाशी बसते. अंगावरची वाळू सुकली की कॉर्नफ्लोअर (मक्याचा स्टार्च) चोळा, ती झटकन सुटते. आणि फिरायला निघताना ऑनिंग, म्हणजे दारावरचं कापडी छप्पर, गुंडाळूनच जा. दुपारचं समुद्री वारं तिला ट्रेलरच्या छतावर उलटवून टाकतं.

प्रश्न : गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास. गार पाणी ठीक आहे.

हीटरची टाकी स्टीलची असेल तर आत मॅग्नेशियमचा ॲनोड असतो, म्हणजे टाकीऐवजी स्वतः झिजणारी कांडी. बरेच दिवस साचून राहिलेल्या पाण्यातले जिवाणू आणि ही कांडी मिळून सडक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार होतो. पाच टक्क्यांचं, सुगंध नसलेलं ब्लीच फ्रेश टँकमध्ये (स्वच्छ पाण्याच्या टाकीत) लिटरमागे एक मिलिलिटर या हिशेबाने घाला; 100 लिटरला 100 मिलिलिटर. प्रत्येक नळ, गरमही, क्लोरिनचा वास येईपर्यंत उघडा. रात्रभर ठेवा, सगळं सोडून द्या, दोनदा गोड्या पाण्याने धुवा. हीटरमधलं पाणी सोडण्याआधी तो बंद करून पूर्ण गार होऊ द्या आणि दाबाचा व्हॉल्व्ह उचलून दाब काढा, नाहीतर कांडी सैल करताच कढत पाणी अंगावर येईल. कांडी तीन-चतुर्थांश झिजली असेल तर बदला.

प्रश्न : कॅम्पग्राउंडवर 30 अँपिअरची जोडणी असूनही ब्रेकर पडतो.

हिशेब सोपा आहे. 120 व्होल्टला 30 अँपिअर म्हणजे 3,600 वॉट. ज्या देशांत 230 व्होल्टला 16 अँपिअर मिळतात तिथेही 3,680, म्हणजे जवळपास तेवढेच. एसी 1,500, किटली 1,500 आणि पाण्याचा विजेवरचा हीटर 1,400 : झाले 4,400. हीटर गॅसवर घ्या, नाहीतर चहा होईपर्यंत एसी थांबवा. लांब केबल रिळावर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडा, गुंडाळी तापते. पिन काळवंडल्या असतील तर तो प्लग वापरू नका.

प्रश्न : थंडीत सकाळी खिडक्यांवरून पाणी ओघळतं, गादीची खालची बाजूही ओली असते. म्हणून आम्ही सगळी छिद्रं बंद करून शेगडी पेटवून ठेवतो.

शेगडी आजच बंद करा. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे 1.6 किलो पाणी तयार होतं. तुम्ही ओलावा घालवण्यासाठी जे करताय त्यानेच तो वाढतोय. त्याहून वाईट म्हणजे बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपेत तो कळत नाही. ट्रेलरच्या भट्टीची, म्हणजे आतली हवा तापवणाऱ्या बसवलेल्या हीटरची, गोष्ट वेगळी : तिचा धूर आणि वाफ भिंतीतल्या नळीने बाहेर जाते. उबेसाठी तीच वापरा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलेला असला तरी त्याच्या मागच्या बाजूला छापलेली तारीख बघा. त्याला मुदत असते आणि ती संपली की नुसतं बटण दाबून वाजतो म्हणून तो चांगला आहे असं होत नाही.

मग उरतो श्वास. दोघांच्या श्वासातूनच रात्रभरात बरंच पाणी हवेत जातं. छताचं एक झाकण बोटभर उघडा आणि समोरच्या टोकाला एक खिडकी तेवढीच. वरून दमट हवा जाते, खालून कोरडी येते. थोडी ऊब जाईल, जाऊ द्या. स्वयंपाक करताना भांड्यावर झाकण आणि पंखा चालू. गादीखाली सपाट प्लायवूड असेल तर तिथे हवा खेळत नाही आणि शरीराची वाफ थंड लाकडावर जमते. लाकडी पट्ट्या किंवा जाळीदार चटई घाला, आणि मुक्कामात रोज सकाळी गादी उभी करून ठेवा.