तारीख आधी, रिसॉर्ट नंतर

नाशिक, जून 2026

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

कंपनीच्या जानेवारीतल्या ऑफसाइटची, म्हणजे सगळ्यांच्या दोन दिवसांच्या मुक्कामी सहलीची, जबाबदारी तुझ्यावर आली आणि आत्तापासूनच तुझी तयारी सुरू झाली, हे वाचून बरं वाटलं. साहेबांचं म्हणणं, ‘दिवाळीनंतर बघू, एवढी काय घाई.’ त्यांच्यापुढे कॅलेंडर ठेव. यंदा अधिक ज्येष्ठ आल्याने पुढचे सगळे सण लांबलेत, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. सुट्ट्या संपवून माणसं जागेवर येईपर्यंत अर्धा नोव्हेंबर सरतो, तुळशीचं लग्न लागतं आणि लग्नसराई सुरू होते. मग गंगापूर रोड घे नाहीतर इगतपुरी, लॉन असलेली चांगली रिसॉर्टं वऱ्हाडांनी आधीच धरलेली असतात.

तरी खोल्यांचं एक वेळ जमून जातं, जास्त पैसे मोजले की शेवटच्या आठवड्यातही मिळतात. घरची सोय मात्र पैसे मोजून आठ दिवसांत होत नाही. आमच्या क्वालिटी विभागात एक बाई होत्या. आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, आणि ने-आण त्यांच्याकडेच. सहलीची नोटीस आठ दिवस आधी लागली. त्यांनी यादीत स्वतःच्या नावापुढे रेघ मारली आणि सुपरवायझरने वर कळवलं, ‘इंटरेस्ट नाही.’ पुढच्या वर्षी तारीख गणपतीतच जाहीर झाली, तेव्हा त्यांनी जळगावच्या भावाला दोन दिवस बोलावून घेतलं आणि आल्या. ज्या मशीन शॉपच्या मुलांशी माल नापास करण्यावरून वर्षभर फोनवर खटके उडत होते, त्यांच्याशीच रात्री अकरापर्यंत बोलत बसल्या होत्या. ऑफसाइट याचसाठी असते ना?

उशिरा ठरवलं की एकटी, मोकळी, गाडी असलेली माणसं येतात. लहान मूल असलेली, सासू-सासऱ्यांचं पाहणारी, नाइट शिफ्टवाली आपोआप गळतात. आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, ती मुंबईच्या हेड ऑफिसला सुचणार नाही. दिंडोरी-निफाडकडून येणाऱ्या कितीतरी जणांच्या घरी द्राक्षबाग असते आणि जानेवारी ते मार्च काढणीचे दिवस. ऑक्टोबरात छाटणी झाली की कुणाचा माल साधारण कधी तयार होईल, हे त्यांना सांगता येतं. म्हणून सगळ्यांना ‘कोणती तारीख चालेल’ असं मोघम विचारू नकोस, त्यातून कधीच काही ठरत नाही. दोन तारखा काढ आणि ज्यांना निघणं सगळ्यात अवघड आहे त्यांच्याकडे आधी जा. त्यांना जमली की तीच तारीख धर. बाकीचे जुळवून घेतात.

मला विचारशील तर 21-22 जानेवारी 2027, गुरुवार-शुक्रवार. तेव्हा पौष चालू असेल, लग्नं कमी, त्यामुळे जागा मिळेल आणि शेजारच्या लॉनवर डीजेही नसेल. संक्रांत झालेली असेल, 26 जानेवारीची गर्दी सुरू व्हायची असेल. शनिवारी आपल्या शॉपफ्लोअरला सुट्टी असते, म्हणून साहेब शुक्रवार-शनिवार सुचवतील. तिथे मात्र ठाम राहा. माणसांची आठवड्याची सुट्टी घेऊन त्यांना आनंदी व्हायला सांगणं मला कधीच पटलं नाही. कंपनीचं काम आहे तर कंपनीचे दिवस द्यावेत. प्रॉडक्शन बुडेल म्हणतील, तर सहा महिने हाताशी असताना दोन दिवसांचा स्टॉक आधी करून ठेवता येतो. हा मुद्दा तुला डिसेंबरात मांडता आला नसता.

जागा त्र्यंबकच्या बाजूला घेऊ नकोस. 31 ऑक्टोबरला सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण आहे, त्यानंतर तिकडची वर्दळ वाढतच जाणार. शिवाय पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा, त्याआधी दिंड्या रस्त्यावर असतात. इगतपुरी किंवा दिंडोरीकडे बघ. मुंबई ऑफिसची मंडळी सकाळच्या तपोवन एक्सप्रेसने येऊ शकतील, पण रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधीच उघडतं, म्हणजे ते काम नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यातलं. तेवढं डायरीत लिहून ठेव.

फोटोंवर जागा ठरवू नकोस, स्वतः जाऊन ये, आणि अंधार पडल्यावर जा. खोल्यांपासून जेवणाच्या हॉलपर्यंतच्या वाटेवर दिवे आहेत का? दाराच्या कड्या नीट लागतात का? गीझर एकदम सगळे चालू केले तर काय होतं? जवळचं हॉस्पिटल किती लांब? जानेवारीत निफाडचा पारा किती उतरतो ते तुला माहीत आहेच, जादा ब्लँकेटं आत्ताच लिहून घे. गुरुवारचा उपवास करणारे असतील, काही जण जैन जेवण जेवणारे असतील. त्यांच्यासाठी वेगळं ताट हवं, ‘भाजीतला बटाटा खा’ असं सांगायची वेळ नको. अ‍ॅडव्हान्स देण्याआधी रद्द केल्यास किती परत मिळतील आणि डोकी कमी-जास्त झाली तर काय, हे ईमेलवर घे. फोनवरचं ‘हो ताई, करून टाकू’ हिशेबाच्या वेळी कुणाला आठवत नाही.

वाईनचा विषय निघणारच, द्राक्षांच्या गावातली कंपनी म्हटल्यावर. प्यायची की नाही ते साहेबांकडून आधी ठरवून घे आणि सगळ्यांना आधीच सांग. घरून परवानगी काढून येणाऱ्या मुलींसाठी ही बारीक गोष्ट नाही, आणि न पिणाऱ्याला रात्री कोपऱ्यात बसून राहावं लागू नये. धरणाच्या पाण्यात कुणीही उतरणार नाही, हा नियम साहेबांनाही लागू.

कंत्राटी कामगार यादीत आहेत का, ते तुझ्या पत्रात दिसलं नाही. पॅकिंगचं निम्मं काम तेच करतात. बजेट अजून मंजूर व्हायचं आहे तोवरच त्यांची डोकी त्यात धर. एकदा आकडा पास झाला की ‘आता जागा नाही’ हे उत्तर तयार असतं. बजेटमध्ये खर्च बसत नसेल तर एक जेवण साधं कर, टी-शर्ट काढून टाक, गेम घेणारी एजन्सी काढून टाक. कार्यक्रमात गुरुवारची संध्याकाळ तशीही मोकळीच राहू दे.

परतीच्या बस शुक्रवारी दुपारी तीनला निघाव्यात. सातपूर, सिडको, नाशिकरोड असे उतरायचे थांबे आधीच यादीत घाल. शेवटच्या थांब्यावर उतरणारी बाईसुद्धा अंधार पडायच्या आत घरी पोचली पाहिजे. साहेबांशी बोलणं झालं की काय ठरलं ते कळव.

तुझी,
ताई