काळजी वाटते म्हणजे विश्वास कमी पडतो का?

प्रश्न : कोल्हापूरच्या सुतारवाड्यातल्या आमच्या घरात २०१९ ला पंचगंगेचं पाणी शिरलं, २०२१ ला पुन्हा. आता जुलै लागला की झोप उडते. रात्री उठून उठून मोबाइलवर राजाराम बंधाऱ्याची पातळी बघते. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, चिंता म्हणजे देवावर भरवसा नसणं. खरं आहे का?

नाही, ताई. त्यांच्या मनात बहुधा ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ हे बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं वचन असणार. ते लिहिणारा प्रेषित पौल तेव्हा बेड्यांत होता. आणि करिंथकरांस दुसऱ्या पत्रात सगळ्या मंडळ्यांची चिंता आपल्याला रोज असते, हेही त्यानंच लिहिलंय. शिवाय ते वचन तिथं थांबत नाही. पुढे प्रार्थना, विनंती, आभार येतात, आणि मग अंतःकरण राखणारी शांती. आधी शांत व्हा आणि मग देवाकडे या, असं पौल म्हणत नाही.

दोनदा घर पाण्यात गेलेलं माणूस पावसाच्या आवाजानं दचकणारच. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, हे तुम्हाला तोंडपाठ असेल. ३९ ला काय हलवायचं, कागदपत्रं कुठं, सासूबाई कुणाकडे, हे आत्ताच कागदावर लिहून ठेवा. पाणी वाढतंय अशा रात्री गल्लीत जागायच्या पाळ्या लावा. सगळ्यांनी जागायची गरज नसते. प्रशासनानं निघा म्हटलं की निघा.

मग जे कागदावर उतरत नाही ते देवापुढे स्पष्ट बोला : ‘प्रभू, घर परत गेलं तर उभं करायची ताकद माझ्यात नाही.’ घर वाचेलच अशी हमी मी देणार नाही. पवित्र शास्त्रही देत नाही.

प्रश्न : मला अचानक धडधड, घाम, आता मरतो की काय असं होतं. डॉक्टरांनी पॅनिक अटॅक सांगून गोळ्या दिल्यात. प्रार्थनागटातले म्हणतात, विश्वास असेल तर गोळ्या बंद कर.

बंद करू नका. अशा बऱ्याच गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि एकदम सोडल्या तर त्रास उलटतो. कमी-जास्त करायच्या ते डॉक्टर ठरवतील.

पौलाचा सोबती लूक वैद्य होता. मिरजेचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचं आहे. तिथलं औषध घेताना आपल्या पणजोबांचा विश्वास कुणी मोजला नाही. मनाच्या औषधालाच हा वेगळा न्याय का? संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणाला, तेव्हा देवदूतानं त्याला भाकर आणि पाणी दिलं. तो परत झोपला, तर परत उठवून खायला घातलं. रागावणं नाही, उपदेश नाही. गटातल्या मंडळींना बायबलमधल्या ‘१ राजे’ या पुस्तकाचा १९ वा अध्याय वाचायला सांगा.

झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचून ओसरू लागतो. तेवढ्या वेळात श्वास सावकाश, लांबवर सोडत राहा. पण छातीत दुखणं पहिल्यांदाच होत असेल तर आधी हृदय तपासून घ्या. जीव नकोसा वाटला तर १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी टेलिमानस फोनसेवा चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलतात.

प्रश्न : मी अंबाबाईची भक्त. ख्रिस्ती मैत्रिणीनं बायबलमधली स्तोत्रसंहिता वाचायला दिली आहे. वाचली तर चालेल?

चालेल. बेचाळिसाव्या स्तोत्रापासून सुरू करा. त्यात माणूस स्वतःच्याच जिवाला ‘तू का खिन्न झालास?’ असं विचारतो. बदल्यात कुणी बाप्तिस्म्याचा विषय काढून अडवू लागलं, तर पुस्तक खुशाल परत करा.

प्रश्न : मुलगा पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करतोय. त्याच्यासाठी तासभर प्रार्थना करते, पण उठते तेव्हा काळजी वाढलेलीच असते.

तासभर तुम्ही बहुधा काळजीचीच उजळणी करताय, फक्त डोळे मिटून. (असं बऱ्याच आयांचं होतं.) पाच मिनिटंच बसा. मोठ्यानं बोला, मागणी एकच ठेवा, आज मिळालेल्या एका गोष्टीचे आभार माना. मग ‘उपासना संगीत’ या ख्रिस्ती गीतसंग्रहातलं एखादं गीत म्हणा आणि उठा. तरी मन तिकडेच धावलं तर मुलाला फोन करा. निकालाचं सोडून काहीही विचारा.