सीटीओ झालात, पण हिस्सा कागदावर आहे का? – वाचकांची प्रश्नोत्तरे

डेव्हलपरांच्या पत्रांत एकच घोळ सारखा दिसतो. पद, पगार आणि मालकी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सीटीओचं, म्हणजे तंत्रज्ञान प्रमुखाचं, पद मिळालं म्हणून मालकी आपोआप मिळत नाही.

आयटीत ९ वर्षं झाली. सीटीओ व्हायला एमबीए करावं का?

गरज नाही. ताळेबंद आणि रोखीचा हिशेब वाचता येऊ द्या, तेवढं पुरे.

मित्राच्या स्टार्टअपमध्ये अर्ध्या पगारावर सीटीओ म्हणून जातोय. ५ टक्के देणार असं त्याने व्हॉट्सॲपवर लिहिलंय. कागद ‘पुढच्या राउंडनंतर’, म्हणजे पुढची गुंतवणूक आल्यावर, करू म्हणतो. चालेल?

नाही चालणार. ५ टक्के, पण कशाचे? समजा, आज कंपनीचे १,००,००० शेअर आहेत आणि तुमचे ५,००० ठरले. उद्या गुंतवणूकदाराला २५,००० नवे शेअर दिले, कर्मचाऱ्यांसाठी १०,००० राखून ठेवले, की तुमचे ५,००० हे १,३५,००० पैकी, म्हणजे ३.७ टक्के. यात फसवणूक नाही, पण म्हणूनच टक्के नव्हे, शेअरची संख्या लिहून घ्यायची.

दुसरं, हे शेअर आहेत की ईसॉप? ईसॉप म्हणजे पुढे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क. त्याला भागधारकांचा ठराव लागतो, योजना लागते आणि तुमच्या नावाचं ग्रँट लेटर, म्हणजे हा हक्क दिल्याचं पत्र लागतं. पत्रात संख्या, खरेदीचा भाव, व्हेस्टिंगचं (हक्क टप्प्याटप्प्याने पक्का होण्याचं) वेळापत्रक आणि नोकरी सोडल्यावर शेअर घ्यायची मुदत, हे चारही हवं. ग्रँट आणि पहिलं व्हेस्टिंग यांत किमान १ वर्ष गेलंच पाहिजे, असा नियम आहे. चार वर्षांचं वेळापत्रक ही मात्र फक्त प्रथा. म्हणजे तुम्ही आज रुजू झालात आणि पत्र दोन वर्षांनी मिळालं, तर घड्याळ दोन वर्षांनी सुरू होतं. शिवाय मधल्या काळात राउंड झाला की मूल्यांकन वाढतं आणि तोच हिस्सा तुम्हाला महाग पडतो. ‘नंतर बघू’ची किंमत तुम्ही मोजता, मित्र नाही.

खरोखर सहसंस्थापक असाल तर ईसॉप कशाला? मूल्यांकन व्हायच्या आत दर्शनी किमतीला शेअर घ्या आणि मध्येच सोडलं तर किती परत द्यायचे ते भागधारक करारात लिहा. हे सही करण्याआधी स्वतःच्या वकिलाला दाखवा. कंपनीचा वकील तुमचा नसतो.

नोकरी सोडताना २,००० ईसॉप वापरायचे आहेत. भाव १० रुपये. २०,००० भरले की झालं ना?

नाही झालं. त्या दिवशी शेअरचं वाजवी मूल्य ५०० रुपये धरलं, तर ९,८०,००० रुपये तुमच्या पगारात मिळवले जातात. ३० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह कर ३ लाखांच्या वर जातो, आणि अनलिस्टेड (शेअर बाजारात नोंद नसलेले) शेअर विकायला गिऱ्हाईक नसतं. काही पात्र स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना हा कर पुढे ढकलता येतो; नोकरी सोडली की ती सवलत संपते. नोकरी सोडल्यावर शेअर घ्यायची मुदत अनेकदा ९० दिवसांचीच असते. राजीनामा देण्याआधी सीएकडे जा, नंतर नव्हे.

रात्री घरी स्वतःचं प्रॉडक्ट लिहितो. कोड माझाच ना?

करारावर अवलंबून. नोकरीच्या कामात लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, मालकाचा. काही करार त्याहून पुढे जातात, म्हणून आपला वाचा. कंपनीचा लॅपटॉप, ईमेल, परवाने वापरू नका. लेखी ना-हरकत घ्या. फ्रीलान्सरकडून कोड घेतलात तर लेखी हस्तांतरण हवंच. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. गुंतवणूकदाराचे वकील हे नेमकं शोधतात.

टीम १० जणांची झाली, तरी महत्त्वाचा कोड मीच लिहितो. चूक आहे का?

कोड लिहा, पण ज्यावाचून रिलीज अडेल असं काम स्वतःकडे ठेवू नका. त्याहून तातडीचं म्हणजे डोमेन आणि क्लाउडचं रूट (सगळे अधिकार असलेलं) खातं. ते तुमच्या खासगी ईमेलवर असेल तर या आठवड्यात कंपनीच्या नावावर करा.

‘नुसती सही हवी’ म्हणून दुसरा संचालक होऊ का?

नका होऊ. प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन संचालक लागतात, ही त्यांची अडचण. कंपनीने सलग ३ वर्षं ताळेबंद किंवा वार्षिक विवरण भरलं नाही, तर तुम्ही ५ वर्षांसाठी अपात्र ठरता, इतर कंपन्यांतही. आणि राजीनामा दिला तरी तुमच्या कार्यकाळातल्या चुकांतून सुटका नाही. आधीच झाला असाल तर कंपनी सेक्रेटरीकडून विवरणं तपासून घ्या.

एजंट २५,००० रुपयांत ‘स्टार्टअप सर्टिफिकेट’ आणि करमाफी देतो म्हणतो.

स्टार्टअप इंडियाच्या मान्यतेला सरकारी शुल्क नाही; अर्ज पोर्टलवर स्वतः करता येतो. करसवलतीचं प्रमाणपत्र वेगळं, ते आंतरमंत्रालयीन मंडळ देतं आणि मान्यता मिळाली म्हणून ते मिळत नाही. एजंट यातलं नेमकं कोणतं देणार, हे पैसे देण्याआधी लेखी विचारा आणि ते उत्तर सीएला दाखवा.